घरमालकांनी बाहेर थांबावं

चाहता : टीव्हीवरच्या घर पालटण्याच्या कार्यक्रमांचा विषय निघाला, की तुम्हा इंटिरियरवाल्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजावं. मी मात्र ते सगळे आवडीनं बघत आलोय. बीबीसीचं ‘चेंजिंग रूम्स’ १९९६ साली सुरू झालं. दोन शेजारी एकमेकांच्या घरात शिरणार, दोन दिवस, पाचशे पौंड आणि एक खोली. अमेरिकेनं त्याचंच २००० साली ‘ट्रेडिंग स्पेसेस’ केलं, हजार डॉलरांत. मग ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन’ आलं, त्यात सात दिवसांत अख्खं घर. यात बनवाबनवी आहे हे मला कळत नाही असं समजू नका. पण मला त्यातून काय मिळालं ते ऐका. आमच्याकडे घराला रंग म्हणजे कुणाचं तरी लग्न निघालं की काढायचा विषय, आणि रंग कुठला, तर मागच्या वेळी होता तोच. खोलीत उजेड कुठून येतो, कपाट दारामागे का नको, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या की माणसं जास्त बोलतात, हे सगळं मी त्या कार्यक्रमांत पहिल्यांदा ऐकलं. साध्या माणसानंसुद्धा आपल्या खोलीबद्दल हट्ट धरायचा असतो, हे मला त्यांनी सांगितलं. तुमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉककडे तुम्ही लोक फिरकतच नव्हतात.

डिझायनर : आठी पडते, कारण नवं गिऱ्हाईक येतं ते तिथलीच तीन वाक्यं घेऊन येतं. ‘महिन्याभरात होईल ना?’ ‘ते लोक तर एवढ्यात अख्खं घर करतात.’ आणि तिसरं, ‘तुम्ही करून टाका हो, आम्हाला एकदम सरप्राइज द्या.’ पहिल्या दोघांचं मला फारसं काही वाटत नाही. त्या पाचशे पौंडांत सुताराची मजुरी नसते, डिझायनरची फी नसते, हे चहा संपायच्या आत समजावून सांगता येतं. ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर’च्या सात दिवसांत पाळ्या लावून रात्रंदिवस राबणारी माणसांची फौज असायची, त्यातली बरीच हौसेनं फुकट आलेली, आणि सिअर्ससारखा प्रायोजक पाठीशी. आपल्याकडे सोसायटी दुपारी दोन ते चार हातोडा वाजवू देत नाही, राडारोड्याचं डिपॉझिट आधी भरावं लागतं, हेही माणसं समजून घेतात.

माझं भांडण आहे ते तिसऱ्या वाक्याशी. या कार्यक्रमांत पहिलं काम काय होतं ते आठवा. मालकाला घराबाहेर काढतात. शेजारी पाठवतात, नाहीतर थेट डिस्ने वर्ल्डला. मग डिझायनरला रान मोकळं. शेवटी डोळ्यांवरचे हात काढायला सांगायचं आणि मालकानं किंचाळायचं. घर भेट म्हणून मिळालं की त्याला नावं ठेवायची सोय उरत नाही. आणि माझ्या कामातला मोठा भाग नेमका तोच असतो, नावं ठेवू देणं.

ओट्याचं उदाहरण घ्या. ओट्याची उंची मी कागदावर ठरवत नाही. ओट्याशी सगळ्यात जास्त वेळ जी उभी राहते तिला समोर उभं करते, कोपरात हात दुमडायला सांगते आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरते. त्यातून चार-पाच इंच वजा केले की खांदे न उचलता काम करता येईल अशी उंची मिळते. माप सुनेचं घेतलेलं असतं. तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणतात, पोळ्या मी लाटते. सून पाच फूट सहा, सासूबाई पाच फुटांच्या आत. आता ओटा कुणाचा? याच्यावर भांडण झालं तर बरं. बहुतेक वेळा भांडण होत नाही, दोघींपैकी एक नुसती पाऊलभर मागे सरते, आणि कोण सरली हे मला बघावं लागतं. मग गॅसचा भाग एका उंचीला, पोळपाटाची बाजू अडीच इंच खाली, असं काहीतरी निघतं. हे दोघींना डिस्ने वर्ल्डला पाठवून कसं निघेल?

चाहता : ओट्याचं पटलं. पण कार्यक्रमांनी मालकाचा आवाज दाबला असं म्हणू नका. ‘ट्रेडिंग स्पेसेस’चा तो प्रसिद्ध भाग तुम्हालाही माहीत असेल. एका बाईनं बजावून ठेवलं होतं की आमच्या विटांच्या शेकोटीला हात लावू नका. डिझायनरनं ती चक्क झाकून टाकली. बाई आत आली, बघितलं, कॅमेऱ्यासमोरून निघून गेली, आणि अंगावरच्या माइकमधून तिचं रडणं ऐकू येत राहिलं. तो भाग कार्यक्रमानं कापला नाही, दाखवला. त्याच कार्यक्रमात भिंतींना गवत चिकटवलं, तेही दाखवलं. ‘चेंजिंग रूम्स’मध्ये एका बाईचा जुन्या किटल्यांचा संग्रह टांगत्या फळ्यांवर मांडला आणि रात्रीतून फळ्या खाली आल्या. हजारो पौंडांचा चुराडा झाला, तोही सगळ्या देशानं बघितला. आता मला सांगा, तुमच्या पेशातल्या कुठल्या माणसाच्या वेबसाइटवर कोसळलेली फळी बघायला मिळते?

आणि दुसरं. ‘चेंजिंग रूम्स’मधला सुतार, हँडी अँडी, डिझायनरांइतकाच लोकप्रिय झाला. डिझायनर काहीतरी अचाट सांगायचा आणि हा करवत हातात धरून, हे उभं राहायचं नाही, असं तोंडावर सांगायचा. आपल्याकडच्या चकचकीत मासिकांत घरांचे फोटो येतात तेव्हा डिझायनरचं नाव, फोटोग्राफरचं नाव, फार तर रोपं कुठून आणली त्याचं नाव. सुतार कोण, पीओपीवाला कोण? साइटवर महिनोन्‌महिने झोपलेला जो असतो तो. खरं खोटं करायचंच तर सगळ्यांचं करू.

डिझायनर : सुताराचं बोललात त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मासिकाला मजकूर पाठवताना रंगाच्या कंपनीचं नाव आम्ही न विसरता लिहितो आणि मिस्त्रीचं विसरतो.

फळीबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. ती कोसळली हे दाखवलं, पण का कोसळली हे कार्यक्रमाच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं. प्रेक्षकांना एक किस्सा मिळाला. माझ्या कामात तो किस्सा नसतो, माझी जबाबदारी असते. वजन किती, ते कशावर पेललंय, भिंत विटेची की पोकळ ब्लॉकची, तिच्यात खिळा किती खोल धरेल, आणि उद्या घरातल्या कुणी किटल्यांशेजारी पुस्तकांचा गठ्ठा ठेवला तर काय. डिझायनर म्हणजे कल्पना सुचणारा माणूस, असं तिथं दिसतं. कल्पना सुचण्यात माझा फार थोडा वेळ जातो हो. माझ्या कामाचा आणि मालकाच्या पैशाचा मोठा भाग अशा ठिकाणी जातो जिथं कुणाची नजर कधी जाणारच नाही. वायरिंग, अर्थिंग, ओट्याखालच्या नळाचा उतार. बाथरूम नव्यानं करताना वॉटरप्रूफिंग झालं की सगळ्या जमिनीवर पाणी तुंबवून ठेवावं लागतं, निदान दोन दिवस. मग खालच्या मजल्यावर जाऊन, त्या काकूंची माफी मागत, त्यांच्या छताला ओल धरतेय का बघायचं. त्या दोन दिवसांत ‘चेंजिंग रूम्स’ची खोली रंगून, पडदे लावून, टाळ्या घेऊन मोकळी होते. आणि मी इकडे मान वर करून स्लॅब बघतेय. ओल नाही दिसली तर तो चांगला दिवस. पण काही न दिसणं कॅमेऱ्याला दाखवता येत नाही. कार्यक्रमांचा खोटेपणा मला यात वाटतो. ते जे दाखवतात ते खरं असेलही, पण दिसत नाही ते काम नसतंच, असं लोक त्यावरून धरून चालतात.

चाहता : थांबा, थोडं मागे जाऊ. तुम्ही ‘माझा पेशा’ म्हणता तो आला कुठून? अमेरिकेत घर सजवून देण्याचा व्यवसाय जिनं नावारूपाला आणला ती एल्सी डी वुल्फ आधी नटी होती. अभिनयापेक्षा रंगमंचावरच्या कपड्यांसाठी जास्त गाजलेली. तिथून ती घरांकडे वळली, न्यूयॉर्कचा कॉलनी क्लब सजवला, १९१३ साली ‘द हाउस इन गुड टेस्ट’ लिहिलं. म्हणजे नेपथ्य, प्रवेश, प्रेक्षकांचा ‘वा!’, हे टीव्हीनं तुमच्यावर लादलेलं नाही. तुमच्या घराण्यातच आहे. आणि पुढचं ऐका. हेन्री क्ले फ्रिक या पोलादवाल्या धनाढ्याच्या न्यूयॉर्कमधल्या घराचे वरचे मजले तिनं सजवले ते खरेदीवर दहा टक्के घेऊन. जितकं महाग सामान, तितकी बाईंची कमाई जास्त. ही टक्केवारी आजही चालते. लॅमिनेटच्या दुकानात मी एकटा गेलो तर एक भाव आणि डिझायनरबरोबर गेलो तर दुसरा, आणि त्या दोन भावांमधलं काहीतरी संध्याकाळी कुठंतरी पोचतं, हे आम्हाला कळत नाही असं नाही.

कायद्याचंही बघा. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानं आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. तुमची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिरियर डिझायनर्स त्याच वर्षी निघाली, पण ती संस्था झाली, कायदा नव्हे. ‘इंटिरियर डिझायनर’ अशी पाटी उद्या मीसुद्धा लावू शकतो. ज्या पेशाला दारच नाही त्याची टीव्हीनं चुकीची ओळख करून दिली, असं नेमकं कुणी म्हणायचं?

डिझायनर : टक्केवारी चालते. नाही म्हणणार नाही. पण ती का चालते, तेही बघा. गिऱ्हाइकाला विचार करण्याचे पैसे मोजणं जड जातं. प्लायवूडचे पैसे तो देतो, कारण प्लायवूड दिसतं, हातानं ठोकून बघता येतं. ओट्यावर दोन दिवस डोकं घातलं त्याची फी सांगितली की ‘नुसत्या चर्चेचे?’ असा प्रश्न येतो. मग फी कमी सांगायची आणि उरलेलं दुकानदाराकडून वसूल करायचं, हा रस्ता निघतो. रस्ता वाईटच आहे, कारण त्यात माझं हित मालकाच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतं. आता टीव्हीकडे बघा. ‘फिक्सर अपर’ घ्या. शेवटच्या दृश्यात घर सामानानं भरलेलं असायचं आणि त्यातलं बरंच सामान शूटिंग उरकलं की परत जायचं. हवं असेल तर विकत घ्या. म्हणजे प्रेक्षक ज्याला डिझाइन समजून बघत होता ते बहुतांशी भाड्याचं प्रदर्शन होतं, आणि खरं डिझाइन, भिंत कुठली काढली आणि का, ते दोन मिनिटांत संपलेलं. विचार फुकट आणि सामान म्हणजेच डिझाइन, असं वीस-पंचवीस वर्षं दाखवत राहिलात तर माझ्यासारखीला सामान विकूनच जगावं लागणार. टक्केवारी टीव्हीनं आणली नाही हे खरं. तिला बळ मात्र दिलं.

आणि घराण्याचंच म्हणाल तर आमचं दुसरं घराणंही आहे. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्कीनं फ्रँकफुर्टमधल्या कामगार-वस्त्यांसाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. बाई किती पावलं चालते, कुठं वाकते, कशासाठी वळते, याचा घड्याळ लावून अभ्यास झाला होता. बसून भाजी चिरायला खिडकीशी जागा, चिरल्यावर कचरा सरळ खाली जाईल अशी सोय, पीठ-साखरेचे धातूचे खण. आज ज्याला आपण मॉड्यूलर किचन म्हणतो त्याचं मूळ तिथं सापडतं. त्यात नटवेपणा कुठं आहे?

चाहता : आता तुम्ही माझ्या हातात कोलीत दिलंत. ही स्वयंपाकघरं दहा हजारांच्या आसपास बसवली, सगळी एका मापाची. त्या दहा हजार बायकांपैकी कुणाच्या कोपराला टेप लावला होता? आणि आपण तोवर कधी स्वयंपाक केलाच नव्हता, हे शुट्टे-लिहोट्स्कीबाईंनीच पुढे सांगून टाकलं. लोकांची तक्रार काय होती? आत दोघांना एकत्र काम करता येत नाही. म्हणजे तुमच्या त्या सासू-सुनांचा प्रश्न तिथंही होताच, आणि घड्याळानं तो सोडवला नाही. म्हणजे मालकाला न विचारणं ही टीव्हीची खोड नव्हे. कमी पैशात जास्त माणसांना काही द्यायचं झालं की विचारणं गळतंच. विचारायला वेळ लागतो, वेळेची फी लागते, आणि ती फी देणारे थोडे. तुमचा टेप मोजक्या कोपरांपर्यंतच पोचतो.

महिन्याभराच्या घाईचंही तसंच. त्याला तुम्ही हसता. माणसानं फ्लॅट घेतलाय, हप्ता सुरू झालाय, इकडे भाडंही चालू आहे, जूनमध्ये मुलांची शाळा आहे. त्याला महिन्याभरात घर हवं असेल तर तो टीव्ही बघून वेडा झालेला नाही. तो हिशोब करतोय.

डिझायनर : घाईला मी हसत नाही. हिशोब मलाही कळतो. चटकन करायचं काम मालक समोर असतानाही होतं. एका दुपारी दोन खोल्या बघून, काय तोडायचं नाही, कुठला पॉइंट कुठं हवा, माळा किती खोल, पाहुण्यांच्या गाद्या कुठं ठेवता, एवढं ठरवून कागदावर लिहून द्यायचं आणि बाकी त्यांच्या सुतारावर सोपवायचं. अशा दुपारची फी नव्या सोफ्यापेक्षा कितीतरी कमी पडते. पण अशी दुपार कुणी मागत नाही, कारण असं काही मागता येतं हेच माहीत नाही. माहीत असतो तो शेवटचा पडदा. आमच्यातले बहुतेक जण अशा दुपारी देतही नाहीत, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते.

‘एक्स्ट्रीम मेकओव्हर’चा पुढचा भाग मात्र तुम्ही विसरताय. नव्या घरासमोर आडवी लावलेली बस बाजूला झाली, कुटुंब रडलं, कार्यक्रम संपला. पुढे त्यातल्या काही कुटुंबांना ती भली मोठी घरं झेपेनात. मालमत्ता कर वाढला, विजेची बिलं वाढली, काहींना घरं विकावी लागली, हे सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ‘तुम्हाला दरमहा किती परवडतं?’ हा प्रश्न त्या पटकथेत बसत नव्हता. मी घराचा पहिला कागद काढायच्या आधी तो विचारते, आणि तो विचारला की बऱ्याच वेळा काम निम्मं होतं. माझंही उत्पन्न निम्मं होतं, ते सोडा.

चाहता : मग टीव्हीचं एकच घराणं धरू नका. चॅनेल फोरचं ‘ग्रँड डिझाइन्स’ १९९९ पासून चाललंय. त्याचा निवेदक केव्हिन मॅक्लाउड मालकाबरोबर चिखलात उभा राहतो, महिने जातात, वर्षं जातात, पैसे संपतात, मालक सगळीकडे हजर. डेव्हनच्या कड्यावर दीपगृहासारखं घर बांधायला निघालेल्या कुटुंबाचा भाग २०१९ साली आला. कर्ज डोक्यावर, संसार मोडलेला, घर अर्धवट. तेही दाखवलं, आणि काही वर्षांनी परत जाऊन पुढचंही दाखवलं. तुम्हाला हवा तो प्रामाणिकपणा याहून वेगळा काय असतो?

डिझायनर : आवडतो मला तो कार्यक्रम. पण तो कुणाच्या घरांचा आहे? जमीन घेऊन, वर्षानुवर्षं थांबून बांधता येतं अशांचा. तुमचाच मुद्दा तुम्हाला परत करते, खरं दाखवायला वेळ लागतो आणि वेळ ज्याच्याकडे असतो तोच पडद्यावर येतो. शिवाय तो कड्यावरचा भाग लोकांच्या लक्षात का राहिला? संसार मोडला म्हणून. वाटोळं झालेलं घरही छान विकलं जातं, सात दिवसांच्या घराइतकंच. माझी पंचाईत वेगळी आहे. नीट झालेलं, साधं, दोन बेडरूमचं घर, जिथं काही गळलं नाही आणि कुणी रडलं नाही, त्याला तुमच्या कुठल्याच कार्यक्रमात जागा नाही.

चाहता : जागा करू. असा कार्यक्रम काढा, की घर झाल्यावर पाच वर्षांनी जायचं. ड्रॉवर ओढून बघायचे, बिजागऱ्या बघायच्या, पाच पावसाळे खाल्लेला एमडीएफ फुगलाय का बघायचं. आणि सासूबाईंना विचारायचं, ती अडीच इंच खाली घेतलेली बाजू तुम्ही वापरता, की तिथं आता मिक्सर येऊन बसलाय?

डिझायनर : बहुधा मिक्सरच असेल. पण घरं निवडणार कोण? मी निवडली तर तो माझा पोर्टफोलिओ झाला. चॅनेलनं निवडली तर फजिती झालेली निवडतील. राहिला मालक, आणि आयुष्याची पुंजी घालून केलेलं घर चुकलं असं टीव्हीवर सांगायला कोण उभं राहील? शेजारी बघत असतात.

चाहता : तर मग मी डिझायनर निवडायचा कसा, ते तरी सांगा. कार्यक्रमांवर विश्वास ठेवू नको म्हणता, फोटोंवर ठेवू नको म्हणता. फोटोत तर दोरीवर एक टॉवेलसुद्धा वाळत नसतो.

डिझायनर : ज्याचं काम बघायचंय त्यानं केलेल्या एखाद्या घरी जा. मालक घरात असताना, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला. तासभर बसा आणि डिझायनरला बरोबर नेऊ नका. मी माझ्यापुरते पाच-सहा जणांचे नंबर देते.

चाहता : नंबर तुम्हीच देणार ना? म्हणजे घरं पुन्हा तुम्हीच निवडलीत.